पीतज्वराचे पिवळे कार्ड

निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने परदेशी राहून येणारे आईवडील आता आपल्या ओळखीत सहज आढळतात. हा परदेश केनिया किंवा ब्राझील असेल, तर तिकीट आणि व्हिसा यांच्या जोडीला आणखी एक कागद लागतो. तो म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचे पिवळे कार्ड. परत येताना ते जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. आश्चर्य असे, की भारतात पीतज्वराची स्थानिक लागण झाल्याची नोंदच नाही. जो रोग आपल्याकडे नाही, त्याच्याविषयी आपण एवढे कडक का? याचे उत्तर इतिहासात आहे.

पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा रोग. लागण झाल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप येतो. बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात. काहींना मात्र काविळीने गाठले, की डोळे व त्वचा पिवळी पडते, रक्तस्राव होतो. या अवस्थेला पोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात. नेमके औषध आजही नाही.

हा रोग डासांमार्फत पसरतो, असे मत हवाना येथील डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ मध्ये मांडले. वीस वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन पथकाने प्रयोगांनी ते सिद्ध केले. त्या पथकातले जेसी लाझिअर याच रोगाने मरण पावले. दोषी ठरला तो एडिस इजिप्ती जातीचा डास. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच!

१९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला, आणि पीतज्वराचा मुलूख आशियाच्या बंदरांना जवळ आला. त्याआधीच भारतातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना या धोक्याची काळजी लागली होती. डास इथे मुबलक होता. उणीव होती ती फक्त विषाणूची.

ही काळजी पोकळ नव्हती, हे १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसून आले. आजच्या घानामध्ये असिबी नावाच्या २८ वर्षांच्या तरुणाला पीतज्वर झाला होता. एड्रियन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे रक्त एका ऱ्हीसस माकडाला टोचले. माकड मेले, असिबी मात्र बरा झाला. आफ्रिकेतली माकडे या रोगाला सहसा दाद देत नाहीत. ऱ्हीसस हे मात्र आपल्या भारतातले माकड. म्हणजे इथला डासही चालेल आणि इथले माकडही, असा या प्रयोगाचा अर्थ होता. संशोधनाची किंमतही मोठी होती. स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने वारले, आणि १९२८ मध्ये अक्रा येथे हिदेयो नोगुची.

असिबीच्या रक्तातला तोच विषाणू पुढे लसीचा मूळपुरुष ठरला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी तो उंदराच्या आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवला. वाढवता वाढवता त्याची रोगकारकता गेली, पण प्रतिकारशक्ती जागवण्याचा गुण राहिला. १९३७ मध्ये जाहीर झालेला हा वाण म्हणजे १७डी. ब्राझीलमध्ये दोनएक वर्षांतच दहा लाखांहून अधिक लोकांना ही लस टोचली गेली. १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या लसी याच वाणाच्या वंशातल्या आहेत.

कार्ड आले ते विमानामुळे. बोटीच्या प्रवासाला आठवडे लागत. रोग वाटेतच उघडकीला येई. विमानाचा प्रवासी मात्र अंगात विषाणू असूनही धडधाकट दिसत उतरू शकतो. म्हणून १९३३ मध्ये हेग येथे हवाई वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य करार झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत लसीचे प्रमाणपत्र आले. या पुस्तिकेत एके काळी देवी आणि पटकीच्या लसींच्याही नोंदी असत. त्या अटी गेल्या, पीतज्वराची राहिली.

या नियमांतले आकडे वर्गात तपासून पाहण्याजोगे आहेत. सहा दिवसांचे विलगीकरण का? कारण लागणीपासून ताप येईपर्यंतचा काळ जास्तीत जास्त साधारण तेवढाच. लस टोचल्यावर दहाव्या दिवसापासूनच कार्ड ग्राह्य का? कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. पूर्वी कार्डाची मुदत दहा वर्षे असे. एकदा मिळालेले संरक्षण आयुष्यभर टिकते असे दिसून आल्यावर, ११ जुलै २०१६ पासून ते जन्मभरासाठी ग्राह्य झाले, जुनी कार्डेसुद्धा.

निवृत्तांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. या लसीतला विषाणू दुबळा केलेला असला, तरी जिवंत असतो. क्वचित तो शरीरातच वाढून यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांना इजा करतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांनी हे लक्षात आणून दिले. हे प्रमाण लाख डोसांमागे सरासरी एकाहूनही कमी आहे. पण साठीनंतर ते वाढते, सत्तरीनंतर आणखी. धोका मुख्यतः आयुष्यात पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांना असतो. म्हणून बोटीवर नोकरी केलेल्या रत्नागिरीच्या एखाद्या निवृत्त खलाशाने ट्रंकेतले जुने कार्ड फेकून देऊ नये. तो कागद सापडला, तर म्हातारपणी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.

ज्यांच्याकडे असे कार्ड नाही, त्यांनी प्रवासाच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोलावे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, दुबळी प्रतिकारशक्ती, थायमस ग्रंथीचा विकार यांची माहिती आवर्जून द्यावी. लस घेणे योग्य नसेल, तर डॉक्टरांनी तसे कारणासह लिहून द्यावे आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी ते विचारात घ्यावे, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. पण मग डासांपासूनचा बचाव अधिक काटेकोर हवा, आणि कदाचित तो प्रवासच टाळणे शहाणपणाचे ठरेल.

बहुतेक लसी आपण स्वतःसाठी घेतो. ही लस प्रवाशाला वाचवतेच. शिवाय विमानतळाबाहेरच्या त्या कोट्यवधी लोकांनाही वाचवते, ज्यांच्या घराशेजारी एडिस डास आहे आणि ज्यांच्या रक्तात पीतज्वराची प्रतिकारशक्ती नाही. त्यांच्यासाठी आजीआजोबांनी किती धोका पत्करावा? विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न जरूर ठेवा. त्याचे उत्तर साठीला आणि ऐंशीला एकच असेल का, हेही त्यांना विचारा.