तेरा खेळाडूंचा नियम : नेरूळ, २०२२

रायगड किनाऱ्याच्या उत्तर टोकाशी, पनवेल खाडीच्या पलीकडे, नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागारात २०२२ च्या पहिल्या पाच महिन्यांत दोन मोठ्या स्पर्धांचे सामने झाले. साथ एकच, मैदानही एकच. परंतु आजारी संघाचे काय करावयाचे, ह्या प्रश्नास दोन्ही स्पर्धांच्या नियमांनी भिन्न उत्तरे दिली.

पहिली स्पर्धा आशियाई महिला फुटबॉल चषकाची. २० जानेवारीस यजमान भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ जानेवारीस चिनी तैपेईशी सामना होता. पण २३ जणींच्या संघातील सुमारे १२ खेळाडूंना कोविडची लागण झाल्याचे आढळले आणि आवश्यक त्या किमान १३ खेळाडूंची यादी देणे अशक्य झाले. आशियाई महासंघाच्या साथकालीन विशेष नियमांतील कलम ४.१ अन्वये भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले. इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल ठरला. 'माघार' हा शब्द येथे विचार करण्याजोगा आहे, कारण वस्तुतः माघार कोणी घेतलीच नव्हती. २०२३ च्या विश्वचषकाची वाटही त्याबरोबर बंद झाली. व्हिएतनामच्या संघातही अनेकींना लागण झाली होती. त्यांची संख्या कशीबशी पुरली, आणि तोच संघ पुढे विश्वचषकास पात्र ठरला.

महासंघाची अडचण नाकारता येत नाही. अठरा दिवसांत बारा संघांची स्पर्धा उरकावयाची असता सामना पुढे ढकलण्यास जागा थोडी. शिवाय उरलेल्या मोजक्या खेळाडूंना अतिश्रमास न जुंपणे हेही आरोग्यरक्षणच होय. तथापि संसर्गाचा सारा दंड रुग्णांच्याच माथी मारणारा नियम लक्षणे लपविण्याचा मोह निर्माण करतो, आणि तेथे चाचणीचा हेतूच दुबळा होतो. खेळाडूंच्या निवासातील कर्मचाऱ्यांकडून संसर्ग आला काय, हा प्रश्न संघाचे प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांनी उपस्थित केला होता. कलमात मात्र अशा कारणमीमांसेस स्थान नव्हते.

मार्च ते मे ह्या काळातील इंडियन प्रीमियर लीगला आधीच्या वर्षीचा अनुभव होता : ४ मे २०२१ रोजी ती स्पर्धा संसर्गामुळे मध्येच थांबवावी लागली होती. २०२२ च्या नियमानुसार संघास १२ खेळाडू उभे करता आले नाहीत, तर प्रथम सामन्याची नवी तारीख शोधावयाची होती. साखळी सामनेही मुंबई, नवी मुंबई व पुणे एवढ्याच परिसरात ठेवले होते. एप्रिलमध्ये दिल्लीच्या संघात लागण झाली तेव्हा बंदिस्त बसमधील लांबचा प्रवास टाळण्यासाठी २० एप्रिलचा सामना पुण्याहून ब्रेबॉर्न मैदानावर हलविण्यात आला, व २२ एप्रिलचा वानखेडेवर.