कटला की रोहू? : संकरित मासा ओळखण्याची कहाणी

नांदेड किंवा लातूरच्या मासळीबाजारात गोड्या पाण्यातले तीन मासे हमखास दिसतात : कटला, रोहू आणि मृगळ. मोठ्या डोक्याचा आणि वर वळलेल्या तोंडाचा तो कटला. लहान डोक्याचा आणि झालरीसारख्या ओठांचा तो रोहू. पण कधी असाही मासा हाती येतो की, त्याचे डोके कटल्याचे म्हणावे तर लहान आणि रोहूचे म्हणावे तर मोठे. मग याला काय म्हणायचे?

हा प्रश्न अमेरिकेत फार पूर्वी पडला होता. तेथील तळ्यांत सनफिश नावाच्या माशांच्या अनेक जाती एकत्र राहतात. अंडी पाण्यातच फळत असल्याने दोन जातींची सरमिसळ होणे अवघड नसते. अशा सरमिसळीतून निघालेले मासे पूर्वी कित्येकदा नवी जात म्हणून नोंदले गेले. मिशिगन विद्यापीठातील कार्ल हब्ज यांनी या माशांची लक्षणे मोजली, तेव्हा ती दोन ज्ञात जातींच्या मधोमध पडतात असे आढळले. हा संकरच आहे, हे सिद्ध कसे करायचे? कार्ल आणि लॉरा हब्ज या दांपत्याने त्या जातींचा मुद्दाम संकर घडवला, आणि जन्मलेली पिल्ले निसर्गातल्या संशयित माशांशी ताडून पाहिली. हे काम १९३२ साली प्रसिद्ध झाले. आधी मोजमाप आणि मग प्रयोग, ही रीत तेव्हापासून रुळली.

आपल्याकडे कटला आणि रोहूची शास्त्रीय वर्णने फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ सालीच केली होती. संकराचा प्रश्न मात्र बऱ्याच उशिरा आला. हे मासे साठलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून मत्स्यबीज नदीतून पकडून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन तळ्यातच अंडी घालायला लावली. यालाच प्रेरित प्रजनन म्हणतात. आता नर-मादी माणसाच्या हाती आल्या आणि थोड्याच काळात चौधुरींनी निरनिराळ्या जातींचे संकरही करून पाहिले.

कटला-रोहू संकराची ओळख अशी पटवता येते. कटल्याला मिशा नसतात. रोहूला ओठांच्या कडेच्या खाचेत दडलेल्या बारीक मिशा असतात. पाठीच्या परात फाटे फुटलेल्या काड्या रोहूला साधारण १२-१३, तर कटल्याला १४ ते १६ असतात. संकराचे डोके कटल्यापेक्षा लहान आणि रोहूपेक्षा मोठे असते. एकाच लक्षणावर निकाल देऊ नये; चार-पाच लक्षणे एकाच दिशेने बोलली तरच त्यावर विश्वास ठेवावा.

तरीही नजरेला मर्यादा आहे. या दोन्ही जातींत गुणसूत्रांची संख्या ५० असून त्यांचा संकर वांझ नसतो. त्याचा रोहूशी पुन्हा संयोग झाला तर पुढची पिल्ले जवळजवळ रोहूसारखीच दिसतात. तेथे मोजपट्टी हरते आणि डीएनए तपासावा लागतो. बांगलादेशातील बीजकेंद्रांतल्या माशांत अशी लपलेली सरमिसळ डीएनए-तपासणीनेच उघड झाली.

याचा मराठवाड्याशी संबंध आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा दुष्काळानंतर तळ्यातले मासे बाहेरून आणलेल्या बीजावरच पुन्हा उभे राहतात. आणि बोटभर लांबीच्या पिल्लांत, म्हणजे बोटुकलीत, कटला कोणता आणि संकर कोणता हे सांगणे फार कठीण. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिघे एकाच तळ्यात नांदतात. बीजात नकळत संकर मिसळले तर ही वाटणी बिघडते आणि तोटा मासेमाराच्या पदरी पडतो. पुरात हेच मासे सांडव्यावरून गोदावरीत गेले तर नदीतला मूळ वंशही भेसळीत सापडतो. म्हणून खरी दक्षता बीजकेंद्रातच घ्यायला हवी : एका हौदात एका वेळी एकाच जातीचे प्रजनन आणि जनक माशांची काटेकोर नोंद.

शिक्षकांनी वर्गासाठी एक सोपा उपक्रम करून पाहावा. बाजारातले दहा-बारा मासे घेऊन, नाव न सांगता, डोक्याची आणि शरीराची लांबी, मिशा आणि पाठीच्या परातल्या काड्या यांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावा. एखादा मासा दोन्ही रकान्यांत बसेना, तर त्याला ओढूनताणून नाव देऊ नये. ‘संशयित’ असा तिसरा रकाना ठेवावा. हब्ज यांच्या कामाची सुरुवातही अशाच माशांपासून झाली होती.