रंगाऱ्याची नजर आणि आकडा

श्रोतेहो, सोलापुरी चादरीत एका सुताचा लाल दुसऱ्याशी जुळला नाही, तर पट्टा लगेच डोळ्यांत खुपतो. म्हणून रंगारी तीन गोष्टी पाहतो : रंग कोणता, भरदार की फिका, उजळ की काळपट. 1877 साली इथली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हा ही पारख नजरेचीच होती. 1905 साली अमेरिकेतील चित्रकला-शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी याच तीन गुणांना मापे दिली. 1978 साली आल्वी रे स्मिथ यांनी असेच तीन गुण संगणकाच्या गणितात बसवले.

गणित सोपे आहे, बरे का! पडद्यावरचा रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले तीन आकडे. समजा, 200, 50, 50. मोठा आकडा 200; तो 255 च्या शेकडा 78, हा उजळपणा. मोठ्यातून लहान वजा करा, उरले 150. ते 200 च्या शेकडा 75, हा भरदारपणा. लाल मोठा, बाकीचे दोन सारखे. म्हणून रंग लाल.

गुरुजींनी हे फळ्यावर जरूर करून दाखवावे. रंगारी गेला की त्याची नजरही जाते. आकडा मात्र वहीत राहतो. पण फरक किती, एवढेच आकडा सांगतो. तो सुतावर भरून कसा काढायचा, हे रंगाऱ्याच्या हातालाच ठाऊक!