तोंडपाठ शील आणि अंगवळणी शील



विहाराच्या वर्धापनदिनी स्मरणिकेत लिहा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. आम्ही पडलो गिरणी कामगार, शाळा सातवीपर्यंत. जे वाचले ते पाळ्या सांभाळून, विहाराच्या कपाटातली पुस्तके नेऊन वाचले. चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आधी एक कबुली देतो. तरुणपणी आम्ही वंदनेला पहिल्या रांगेत बसायचो. पाचवे शील सर्वांत मोठ्या आवाजात म्हणायचो, आणि पगाराच्या रात्री पिऊन घरी यायचो. एकदा आईने विचारले, "बाबा, ते पाचवं म्हणतोस, त्याचा अर्थ काय रे?" तिला अक्षरओळख नव्हती. आम्ही अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही, ताटात भाकरी वाढली. त्या रात्री घास उतरला नाही. शील तोंडात होते, अंगात नव्हते.

मग शील अंगात उतरते कसे? याचे उत्तर आम्हाला धम्माच्या इतिहासात सापडले.

भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकाश्यप प्रमुख होते, पाचशे अर्हत भिक्खू जमले होते. तेव्हा धम्म लिहिलेला नव्हता, माणसांच्या स्मरणात होता. सुत्ते सांगितली आनंदाने आणि विनय, म्हणजे संघाचा कायदा, सांगितला उपालीने. हा उपाली कोण? शाक्यांचा न्हावी! आमचा अभिमान गळावा म्हणून याला आमच्या आधी प्रव्रज्या द्या, अशी खुद्द शाक्य राजपुत्रांनी विनंती केली होती. ज्या देशात धर्मशास्त्रांनी शूद्राला वेद ऐकायचीही बंदी केली, त्याच देशात एका न्हाव्याने कायदा सांगितला आणि पाचशे अर्हतांनी तो मान्य केला.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. महाकाश्यपांनी उपालीला नुसता नियम विचारला नाही. तो कुठे घातला, कोणावरून घातला, कशामुळे घातला, हेही विचारले. उपालीने कारणासकट उत्तर दिले. याला अभ्यास म्हणतात. कारण ठाऊक नसेल तर नियम हा नुसता आवाज.

पण पाठ झाले म्हणजे संपले, असे नव्हते. दर अमावास्या-पौर्णिमेला उपोसथ भरे आणि पातिमोक्ख म्हटला जाई. पाली परंपरेत भिक्खूंचे नियम २२७ आहेत. ज्याच्या हातून चूक घडली त्याने ती उघड करायची. गप्प राहिला तर तो शुद्ध, असे संघ धरून चाले. तिथे ना पोलीस ना कोर्ट. ज्याचा त्यानेच साक्षीदार व्हायचे.

सुमारे चारशे वर्षे धम्म असा मुखोद्गत राहिला. पाठ करून तो पुढे नेणाऱ्यांना भाणक म्हणत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, तो श्रीलंकेत लिहून काढला गेला. भाणक काही दूरदेशीचेच नव्हते. कार्ल्याच्या लेण्यात एका खांबावर सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. तो सोपाऱ्याचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा! श्रद्धा असल्याशिवाय माणूस जन्मभर असे ओझे उचलत नाही. आणि अभ्यास नसला तर श्रद्धा आंधळी होते. दोन्ही पाहिजेत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग लाखो लोकांना स्वतः २२ प्रतिज्ञा दिल्या. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघाला. गुरू गेला, शिकवण राहिली. राजगृहाला जमलेल्यांपुढे जो प्रश्न होता, तोच आपल्या बापजाद्यांपुढे आला: आता हे सांभाळायचे कोणी? त्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केले आणि आपल्या हाती दिले.

आज आमची पोरे पंचशील एका दमात म्हणतात, कौतुक वाटते. पण 'समादियामि' म्हणजे काय, विचारले की एकमेकांकडे बघतात. मुलांनो, त्याचा अर्थ 'मी स्वतः अंगीकारतो'. वरून कोणाचा हुकूम नाही. बावीस प्रतिज्ञांची फ्रेम भिंतीवर आणि लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे बाटल्या, हे कुठवर चालायचे?

गिरणीत नव्या माणसाला साच्यावर तुटलेली तार सापडत नाही. जुना विणकर बोलता बोलता जोडतो. ते नुसते सांगून येत नाही, रोज हात चालवावा लागतो. शीलाचेही तसेच.

म्हणून सूचना एवढीच: दर पौर्णिमेला विहारात एकच शील घ्यावे, त्याचे कारण सांगावे, आणि महिनाभरात आपण कुठे चुकलो ते ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

आमची दारू सुटायला त्या रात्रीनंतर तीन वर्षं लागली. ते पाहायला आई होती, एवढे समाधान.

जय भीम! नमो बुद्धाय!