चहाचें एक पान

१७९१ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबविली, तेव्हां लंडनचा व्यापारी माइल्स मेसन स्वतःच कारखानदार झाला. त्याचा मुलगा चार्ल्स यानें १८१३ सालीं स्टॅफर्डशायरमध्यें ‘आयर्नस्टोन चायना’चें पेटंट घेतलें. मातींत लोहकीट मिसळल्याचा त्याचा दावा होता. टणकपणाला लोखंडाची गरज नव्हती. पण नांव गिऱ्हाइकाच्या मनांत ठसलें. मेसनच्या भांड्यांवर चिनी-जपानी धर्तीची भरगच्च रंगीत नक्षी असे. १८४८ सालीं त्याचें दिवाळें निघालें.

तोंवर अमेरिकेंतील शेतकरी कुटुंबांना याच जातीचीं जाड, पांढरीं, साधीं भांडीं पसंत पडूं लागलीं होतीं. १८५० नंतर त्यांवर तांबूस धातूच्या झळाळीचें चहाचें पान उमटलें. त्याचें श्रेय अँथनी शॉ यास देतात. टन्स्टॉलच्या आल्फ्रेड मीकिननें पुढें तोच मार्ग धरला. झिलईवर धातूचें द्रावण कुंचल्यानें लावून भांडें मंद आंचेवर पुन्हां भाजीत. म्हणून रोजच्या घासण्यानें पान झिजे. हातानें रेखल्यामुळें एका संचांतलीं दोन पानेंही तंतोतंत जुळत नसत. हा माल इंग्लंडांत फारसा खपलाच नाहीं. जवळजवळ सारा अटलांटिकपार गेला. तेथील गिऱ्हाइकांचा इंग्रजी मालावर भरंवसा एवढा कीं, कित्येक अमेरिकन कारखानदार आपल्याच भांड्यांच्या बुडाशीं इंग्लंडच्या राजचिन्हासारखा छाप मारीत.