मेदवृद्धी आणि दिनचर्या : औंध संस्थानातील सूर्यनमस्कार-प्रसाराचे पुनरावलोकन

प्रस्तावना :

वजन कमी करणे हा आज प्रामुख्याने व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ आणि औषधे यांचा विषय मानला जातो. रोजच्या सवयींतून शरीर आटोक्यात ठेवावे, हा विचार मात्र आपल्याकडे फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध या लहानशा संस्थानाने त्याला राज्यकारभाराचाच एक भाग बनविले. इतिहासलेखनात औंधचे नाव येते ते मुख्यतः १९३९ च्या स्वराज्य घटनेमुळे. संस्थानाच्या व्यायामप्रसाराकडे एक राजाचा छंद म्हणून पाहिले गेले. हा प्रयोग सवय कशी रुजते याविषयी बरेच काही सांगतो आणि ती कोणासाठी रुजवायची, हा प्रश्नही उभा करतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

पूर्वपरंपरा :

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन येते. गुरू, मधुर व स्निग्ध आहाराचे अतिसेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे, चिंतारहित वृत्ती आणि बीजदोष ही कारणे तेथे दिली आहेत. म्हणजे आनुवंशिकतेची जाणीवही तेथे आहे. उपचारात औषधांबरोबर जव, कोद्रू, वरईच्या जातीची तृणधान्ये, मूग आणि कुळीथ यांचा आहार सांगितला आहे. जागरण, व्यायाम व चिंतन क्रमाक्रमाने वाढवावे, असा निर्देश आहे. यातील ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द विशेष महत्त्वाचा वाटतो. एकदम उपाशी राहून कृश होण्याचा मार्ग संहिताकारांनी सांगितलेला नाही. पोट भरेल पण मेद वाढणार नाही, असे अन्न त्यांना अभिप्रेत आहे. (जागरणाचा सल्ला मात्र आजच्या ज्ञानाशी जुळत नाही. अपुरी झोप भूक वाढविते, असे आता दिसून आले आहे.)

औंधचा प्रयोग :

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार आणि १९३५ च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेल्या या राजाने तरुणपणी सुमारे दहा वर्षे यूजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व उपकरणांनी व्यायाम केला होता. १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे संस्थानातील शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे झाले. राजाने या विषयावर पुस्तक लिहिले. लुईस मॉर्गन या पत्रकर्तीने संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे वास्तव्यही त्या काळात औंधलाच होते आणि त्यांनीही नमस्कारांचा पुरस्कार केला.

सँडोच्या पद्धतीकडून नमस्कारांकडे झालेले हे वळण केवळ स्वदेशीच्या अभिमानातून झाले असे मानणे अपुरे ठरेल. उपकरणाला पैसा लागतो, जागा लागते. नमस्काराला एक सतरंजी पुरते. तो घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध एकाच वेळी, एकाच जागी घालू शकतात. पहाटेची ठरलेली वेळ, सूर्याच्या नावांचा उच्चार आणि मोजता येणारी संख्या यांमुळे ‘आज करू की नको’ हा प्रश्नच उरत नाही. स्नान करताना आपण असा प्रश्न विचारत नाही. सवयीचे बळ नेमके येथे आहे, आणि राजाने ते ओळखले होते असे दिसते.

नमस्कारांच्या प्राचीनतेबद्दल मात्र सावध राहावे लागते. ‘हठप्रदीपिके’त सूर्यनमस्कार नाहीत. उलट, तिच्यावरील ‘ज्योत्स्ना’ टीकेत ब्रह्मानंदाने पुष्कळ नमस्कार घालणे हे योगसाधकाने टाळावयाच्या कायाक्लेशात गणले आहे. औंधचा नमस्कार योगग्रंथांपेक्षा आखाड्याच्या आणि उपासनेच्या परंपरेला अधिक जवळचा आहे. त्यामुळे त्याची उपयुक्तता कमी होत नाही.

प्रयोगाची मर्यादा :

औंध हे गाव खटाव तालुक्यातले. माण-खटाव हा पर्जन्यछायेतील, वारंवार दुष्काळ सोसणारा प्रदेश. येथील शेतकऱ्याचे जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकी आणि ताक. चरकाने स्थूलास सांगितलेल्या आहाराशी हे जेवण बरेच जुळते. फरक एवढाच की येथे ते वैद्याच्या सांगण्यावरून खाल्ले जात नव्हते. रानातून चालत शाळेत येणाऱ्या आणि परतल्यावर गुरांमागे जाणाऱ्या मुलाला मेदाची भीती नव्हती. अन्नाची होती. बैठे जीवन असलेल्या वर्गाला मानवणारा उपाय अशा रीतीने सर्वांवर सारखाच लागू झाला. राजाचा हेतू निर्मळ होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही आरोग्याच्या सक्तीत वर्गभेद विसरला जातो, हे येथे स्पष्ट दिसते.

आज चित्र पालटले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २८.६ टक्के प्रौढांमध्ये स्थूलता आणि ३९.५ टक्क्यांमध्ये पोटाची स्थूलता आढळली. खटावच्या मुलाचा नातूही आता दुचाकीवरून फिरतो आणि खुर्चीवर बसून काम करतो. त्याच्या ताटात भाकरीची जागा बऱ्याच अंशी पोळी-भाताने घेतली आहे. अशा माणसाला नमस्कार किती उपयोगी पडतील? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासानुसार साठ किलो वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास नमस्कार घातल्यास सुमारे २३० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. हा खर्च नगण्य नाही. पण महाविद्यालयाच्या उपाहारगृहातील दोन बटाटेवडे तो सहज भरून काढतात. व्यायामाने कमावलेले पोटात जाऊ नये यासाठी भाकरी, उसळ, ताक आणि वेळेवरचे रात्रीचे जेवण हेही तितकेच नित्याचे व्हावे लागते.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि शाळांवरील सक्तीमागचे राज्यही संपले. ज्या घरांत आई-वडील मुलांबरोबर सतरंजीवर उभे राहत होते, तेथे नमस्कार टिकण्यास हुकुमाची गरज नव्हती. अशा घरांच्या आठवणी, वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर, मौखिक इतिहास म्हणून नोंदवून घेण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हाती घेता येईल.