विन्स्लोचा ‘ला पोसादा’

‘पोसादा’ हा स्पॅनिश शब्द. वाटसरूने रात्रीपुरते अंग टाकावे असे ठिकाण, हा त्याचा साधा अर्थ. मेक्सिकोत नाताळापूर्वीच्या नऊ रात्री लोक दारोदार गात फिरतात आणि बेथलेहेमात मरिया व योसेफ यांना उतरायला जागा मिळाली नाही, त्या प्रसंगाचे स्मरण करतात. त्या प्रथेलाही हेच नाव आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात विन्स्लो या लहानशा रेल्वेगावी ‘ला पोसादा’ नावाचे एक जुने भोजनगृह आणि विश्रामगृह आहे. ते दोनदा घडवले गेले: एकदा १९३० साली आणि पुन्हा १९९७ नंतर. या भूमीचा वारसा जपावा, ही इच्छा दोन्ही वेळी होती. मात्र वारसा म्हणजे नेमका कोणाचा, याचे उत्तर दोन्ही वेळी सारखे नव्हते.

कथेची सुरुवात फ्रेड हार्वे या इंग्रज गृहस्थापासून होते. पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाड्यांच्या थांब्यांवर त्या काळी मिळणारे अन्न कुप्रसिद्ध होते. १८७६ साली हार्वेने कॅन्ससमधील टोपेका स्थानकात पहिले भोजनगृह उघडले. स्वच्छ टेबलक्लॉथ, ताजे अन्न, आणि गाडी सुटण्याआधी सर्वांचे जेवण उरकेल अशी शिस्त! पुढे ‘सांता फे’ रेल्वेच्या मार्गावर अशा भोजनगृहांची मालिकाच उभी राहिली. आचारी बहुधा युरोपातून आणलेले असत. वाढणाऱ्या ‘हार्वे मुली’ पूर्वेकडील वा मध्य-पश्चिमेकडील गोऱ्या कुटुंबांतून येत. ज्या होपी आणि नवाहो लोकांच्या मुलखातून ही गाडी धावे, त्यांच्या बायका दागिने आणि मातीची भांडी घेऊन फलाटावर विकायला बसत. पंक्तीत वाढायला त्यांना बोलावले गेले ते दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा.

‘ला पोसादा’ची वास्तू मेरी कोल्टर यांनी रचली. स्त्रियांना या व्यवसायात क्वचितच प्रवेश मिळे अशा काळात त्यांनी हार्वे कंपनीसाठी सुमारे चार दशके काम केले. ग्रँड कॅन्यनच्या काठावरील अनेक प्रसिद्ध इमारती त्यांच्याच. विन्स्लोसाठी त्यांनी एक गोष्टच मनाशी रचली. एक धनाढ्य स्पॅनिश जमीनदार, त्याच्या कैक पिढ्या, प्रत्येक पिढीने वाढवत नेलेला वाडा. असा जमीनदार विन्स्लोत कधी झाला नव्हता. परंतु जाड भिंती, कमानी, फरसबंद ओसऱ्या, जुने आणि मुद्दाम जुन्यासारखे घडवलेले लाकडी सामान यांतून त्यांनी तो इतका खरा केला, की पाहुण्याला शंका येऊ नये. कलाकृती म्हणून तिची थोरवी मला मान्य आहे. तरीही, होपींची गावे उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर असताना वाडा बांधला गेला तो कधी न जन्मलेल्या सरदाराचा, हे नजरेआड करता येत नाही.

मे १९३० मध्ये दारे उघडली. शेअर बाजार कोसळून सहा-सात महिने झाले होते. त्याच दशकात, १९३३ पासून, जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली अमेरिकन सरकारने नवाहोंचे कळप सक्तीने घटवले. हजारो मेंढ्या मारल्या गेल्या. त्यांत ‘चुरो’ जातीच्या मेंढ्या होत्या. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आणलेली ही जात नवाहोंच्या हाती आली, रुजली आणि तिच्या लोकरीवर त्यांची विणकला पोसली. स्पॅनिश वारसा खरोखर जिवंत होता तो या कळपांत, आणि तो मोडला जात असताना कल्पित जमीनदाराच्या दिवाणखान्यात ताटे वाढली जात होती. यात कोल्टरबाईंचा काही दोष नव्हता. पण दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत खऱ्या.

पुढे मोटारी आणि विमाने आली, गाडीने जाणारे कमी झाले, आणि १९५७ साली ‘ला पोसादा’ बंद झाले. त्याच वर्षी कोल्टर यांचे गॅलपमधील ‘एल नवाहो’ हे विश्रामगृह पाडण्यात आले. १९५८ च्या जानेवारीत त्या वारल्या. विन्स्लोची वास्तू पाडली गेली नाही; सामान लिलावात गेले आणि रेल्वेने तिथे कचेऱ्या थाटल्या. कमानींखाली खोटी छते आली, दालनांत फळ्यांचे आडोसे उभे राहिले. १९७० च्या दशकाअखेर नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, आणि गावच ओस पडू लागले.

१९९७ साली ॲलन अफेल्ट आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार टीना मिऑन यांनी दीर्घ वाटाघाटींनंतर ही वास्तू घेतली. खोटी छते उतरली, मूळ रचना मोकळी झाली. हे काम चिकाटीचे असले तरी त्याला जुन्या नकाशांचा आणि छायाचित्रांचा आधार असतो. भोजनगृहाचे तसे नव्हते. इथे जुने काय परत आणायचे? हार्वेच्या आचाऱ्यांचे युरोपीय पदार्थ? २००० साली भोजनगृह नव्याने उघडले, त्याला ‘टर्क्वॉइज रूम’ हे एका प्रसिद्ध आगगाडीतील भोजनदालनाचे नाव दिले. म्हणजे रेल्वेचे ऋण फेडले. स्वयंपाकघर मात्र जॉन शार्प या आचाऱ्याने आसपासच्या मुलखाकडे वळवले. नवाहो मेंढपाळांकडून तो चुरो कोकरू घेऊ लागला. त्या जातीचे मोजकेच नमुने उरले असताना १९७० च्या दशकात तिच्या पुनरुज्जीवनाला सुरुवात झाली होती. पण पाळणाऱ्याला गिऱ्हाईक हवे असते, नुसते कौतुक नव्हे.

आणि पिकी. ही होपींची भाकरी, खरे तर कागद म्हणावा इतकी पातळ; आपले मांडे पाहिलेल्यांना थोडी कल्पना येईल. निळ्या मक्याचे पीठ राखेच्या पाण्यात कालवून होपी स्त्री ते तापलेल्या सपाट दगडावर उघड्या हाताने एका फटकाऱ्यात पसरते, क्षणात सोलून काढते आणि गुंडाळी करते. हा दगड आईकडून मुलीकडे जातो. हात भाजू न देता पीठ फिरवणे वर्षानुवर्षांच्या सरावाने साधते. ती पिकी ‘ला पोसादा’च्या टेबलावर आली, कोल्टर यांनी कल्पिलेल्या जमीनदाराच्या घरात.